‘मिळाले असेलच’ हे इंग्रजीत कसे लिहावे?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: मी ३३ वर्षांची आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले, पुढे बी.एस्सी. केले आणि आता पुण्यात एका औषध कंपनीच्या गुणवत्ता विभागात काम करते. इंग्लंडमधल्या ग्राहकाशी होणारा रोजचा पत्रव्यवहार माझ्याकडे आहे. दोन वर्षांपूर्वी कंपनीने आम्हाला संभाषणकौशल्याच्या वर्गाला पाठवले होते. तिथे सांगितले की ‘आय थिंक’ म्हणू नका, त्याने माणूस कच्चा वाटतो. ‘डेफिनेटली’, ‘ऑब्व्हिअस्ली’, ‘आय अ‍ॅम शुअर’ असे म्हणा. मी तसे लिहू लागले. गेल्या पावसाळ्यात मी ग्राहकाला लिहिले, ‘आय अ‍ॅम शुअर द सॅम्पल्स मस्ट हॅव रीच्ड यू बाय नाऊ.’ प्रत्यक्षात नमुने कस्टममध्ये अडकले होते. त्यांचे उत्तर आले की तुम्ही खात्री दिलीत म्हणून आम्ही चाचणीचा दिवस ठरवला होता. साहेबांनी सगळ्यांसमोर मला ‘ओव्हरकॉन्फिडन्ट’ म्हटले. तेव्हापासून मी प्रत्येक वाक्याला ‘मे बी’ आणि ‘आय गेस’ लावू लागले, तर वार्षिक मूल्यमापनात ‘ठामपणा कमी’ असा शेरा आला. मी नेमकी कोणती वाक्ये पाठ करावीत, ते सांगा. मराठीत बोलताना मला ही अडचण कधीच येत नाही.

उत्तर:

तुमच्या पत्रातले शेवटचे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिले असावे, पण मी तिथेच थांबले आणि पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचले. मराठीत तुम्हाला ही अडचण येत नाही, याचा अर्थ जे कौशल्य तुम्ही माझ्याकडे मागत आहात ते तुमच्याजवळ आधीपासून आहे, आणि वर्गात शिकवलेल्या शब्दांनी ते झाकले गेले आहे. म्हणून वाक्ये पाठ करण्याच्या आधी आपण थोडे मराठीकडे पाहू.

समजा, तुम्ही सकाळी उठलात आणि काल रात्री पाऊस झाला का, असे आईने विचारले. तुम्ही रात्री जागे राहून पत्र्यावरचा आवाज ऐकला असेल, तर म्हणाल, ‘पाऊस झाला.’ अंगण ओले दिसले तर ‘पाऊस झालेला दिसतोय’ किंवा ‘झाला असणार’ म्हणाल. नुसताच अंदाज असेल तर ‘झाला असेल’. शेजारच्या काकूंनी सांगितले असेल तर ‘झाला म्हणे’. या चार उत्तरांत पाऊस एकच आहे, पण तो तुम्हाला कसा कळला हे प्रत्येक वेळी वेगळे सांगितले गेले, आणि त्यासाठी तुम्हाला क्षणभरही विचार करावा लागला नाही. ‘म्हणे’ या एवढ्याशा शब्दात ‘हे मी पाहिलेले नाही, ऐकलेले आहे, खरे-खोटे सांगणाऱ्याच्या माथी’ इतका मोठा मजकूर मावतो. लहान मूलही तो बिनचूक वापरते.

इंग्रजीतले जे शब्दप्रयोग तुम्हाला ‘आत्मविश्वासाचे’ म्हणून शिकवले गेले, त्यांचेही खरे काम हेच आहे. बोलणाऱ्याला एखादी गोष्ट किती आणि कशी ठाऊक आहे, हे ते ऐकणाऱ्याला कळवतात. ते दागिन्यांसारखे वाक्यावर चढवले की वाक्य भारदस्त होते, हा समज वर्गातून आला आणि तुमच्या सगळ्या त्रासाचे मूळ तिथे आहे, असे मला वाटते.

आता तुमचे ते वाक्य घेऊ. ‘आय अ‍ॅम शुअर’ याचा अर्थ शब्दकोशात ‘मला खात्री आहे’ असा मिळतो आणि तो चूक नाही. पण हा प्रयोग इंग्रज माणूस केव्हा करतो, ते पाहण्यासारखे आहे. मुलगा समोर अभ्यास करत बसला असेल आणि फोनवर कुणी विचारले की तो घरी आहे का, तर आई ‘ही इज अ‍ॅट होम’ एवढेच म्हणेल. ‘आय अ‍ॅम शुअर ही इज अ‍ॅट होम’ हे ती बाहेर असताना म्हणेल, मुलाला पाहिलेले नसताना, पण एव्हाना तो पोचला असेल असा भरवसा असताना. म्हणजे खात्रीचा शब्द जोडल्याने विधान उलट एक पायरी खाली उतरते, कारण जे स्वतः पाहिलेले आहे त्याला खात्रीचा टेकू लागत नाही. मराठीतही ‘तो घरी आहे’ आणि ‘तो घरीच असणार’ यांपैकी जोर दुसऱ्यात अधिक दिसतो आणि माहिती पहिल्यात अधिक असते. ‘मस्ट’चेही तसेच आहे. धो धो पावसात उभा असलेला माणूस ‘इट मस्ट बी रेनिंग’ म्हणत नाही. ते म्हणतो खिडकी नसलेल्या खोलीत बसलेला माणूस, समोरून कुणी ओली छत्री घेऊन आत आला की.

तुमच्या एका वाक्यात हे दोन्ही होते, ‘आय अ‍ॅम शुअर’ही आणि ‘मस्ट हॅव’ही. बारकाईने वाचणाऱ्याला त्यातून एवढेच कळले असते की तुम्ही चौकशी केलेली नाही. तुमच्या ग्राहकाने ते बारकाईने वाचले नाही, ‘शुअर’ हा शब्द पकडला आणि दिवस ठरवून मोकळा झाला. यात थोडी चूक त्याचीही आहे, हे मी तुमच्या समाधानासाठी म्हणत नाही. अशा शब्दांचा जोर दोन माणसांना सारखा ऐकू येत नाही, ही जुनी आणि अनुभवी माणसांनाही अडचणीत आणणारी गोष्ट आहे. अमेरिकेच्या गुप्तवार्ता यंत्रणेतले विश्लेषक शर्मन केंट यांनी १९६४ मध्ये आपला एक अनुभव लिहिला. युगोस्लाव्हियावर १९५१ मध्ये हल्ला होण्याची ‘सिरियस पॉसिबिलिटी’ आहे, असे त्यांच्या गटाने एका अहवालात म्हटले होते. केंट यांच्या मनात त्याचा अर्थ शंभरात सुमारे ६५ असा होता, तर अहवाल वाचणाऱ्या अधिकाऱ्याने शक्यता त्याहून बरीच कमी धरली होती. मग केंट यांनी आपल्याच सहकाऱ्यांना विचारले, तेव्हा ज्या मंडळींनी एकमताने ती शब्दयोजना मान्य केली होती, त्यांचे आकडे २० पासून ८० पर्यंत पसरलेले निघाले. ही सगळी माणसे इंग्रजीतच वाढलेली होती. हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने म्हणूनच आपल्या अहवालांत शब्दांना आकडे बांधून दिले आहेत. तिथे ‘लाइकली’ म्हणजे किमान ६६ टक्के आणि ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे किमान ९० टक्के. तेव्हा ही अडचण मराठी माध्यमामुळे आली, हा विचार तुम्ही मनातून काढून टाका.

मराठीचा संबंध आहे, पण तो वेगळ्या ठिकाणी. तुमच्या मनात मूळ वाक्य होते ‘नमुने मिळाले असतीलच’. आपले ‘असेल’ फार ऐसपैस आहे. ‘असेल बापडा’ मधल्या बेफिकिरीपासून ‘असेलच’ मधल्या भरवशापर्यंत सगळे त्यात बसते, आणि नेमके वजन ‘च’, ‘बहुतेक’, ‘कदाचित’ किंवा नुसता आवाज ठरवतो. या सगळ्या ‘असेल’साठी आपल्याकडे ‘मस्ट’ वापरण्याची सवय पडली आहे. ‘ही मस्ट बी इन द कँटीन’ असे आपण सहज म्हणतो, तेव्हा मनात ‘कँटीनमध्ये असेल, बघ’ एवढेच असते. ऐकणाऱ्या इंग्रजाला मात्र वाटते की याच्याजवळ काही पुरावा आहे. शिवाय ‘यू मस्ट हॅव रिसीव्ड माय मेल’ हे ‘मिळालीच असेल ना, मग उत्तर का नाही?’ अशा सुरात पोचू शकते. तुमचा तसा हेतू नसतो, तरी वाचणारा दुखावतो. ‘असेल’ लिहायची वेळ आली की आधी त्याचे वजन स्वतःला विचारा. नुसता अंदाज असेल तर ‘मे’ किंवा ‘माइट’. बरीच शक्यता असेल तर ‘प्रॉबब्ली’. नेहमीच्या क्रमाने व्हायला हवे पण तपासलेले नाही, असे असेल तर ‘शुड’. आणि हाताशी खूण असेल तरच ‘मस्ट’. तुमच्या नमुन्यांच्या बाबतीत ‘शुड हॅव रीच्ड यू’ पुरेसे होते.

आणखी काही शब्दांची ओळख इथेच करून देते, कारण याच विषयावर पत्रे पाठवणाऱ्या इतर वाचकांचीही त्यांवर ठेच लागलेली मला दिसते. ‘फॉर ऑल आय नो’ हे ‘माझ्या सगळ्या माहितीनुसार’ असे वाटते, पण अर्थ जवळजवळ उलटा आहे: ‘मला काय ठाऊक, गेलाही असेल.’ ‘माझ्या माहितीप्रमाणे’ यासाठी ‘अ‍ॅज फार अ‍ॅज आय नो’ आहे. ‘नो डाऊट’ दिसते निःशंक, पण बहुतेक वेळा ते ‘असेल म्हणा’ इतकेच असते आणि मागून ‘बट’ येतो. ‘अ‍ॅपरंटली’ हे आपल्या ‘म्हणे’चे सख्खे भावंड आहे, अगदी स्वभावासकट. ‘मोठा विद्वान आहे म्हणे’ यात जशी अविश्वासाची छटा येऊ शकते, तशी त्यातही येते. म्हणून ‘अ‍ॅपरंटली, आवर लॅब हॅज चेक्ड इट’ असे लिहिलेत तर आपल्याच प्रयोगशाळेवर तुमचा विश्वास नाही, असे वाचणाऱ्याला वाटेल. ‘ऑब्व्हिअस्ली’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘वाटेत आडवे आलेले’ अशा अर्थाच्या शब्दांवरून आला आहे. ज्या गोष्टीला वाटेत सगळेच अडखळतात, तिला तो शोभतो; जी गोष्ट समोरच्याला दिसलेली नाही, तिला लावला की ‘एवढेही कळत नाही का?’ असा अर्थ निघतो. प्रश्नाला ‘ऑफ कोर्स’ एवढेच उत्तर देणेही याच कारणाने टाळावे. आणि ‘आय हॅव अ डाऊट’ हे आपण ‘मला शंका आहे’, म्हणजे ‘एक विचारायचे आहे’, या निर्मळ अर्थाने म्हणतो, पण परदेशी माणसाला त्यात अविश्वास ऐकू येतो. तिथे ‘क्वेश्चन’ म्हणावे.

तुमच्यापुढे जे पर्याय आहेत, त्यांपैकी दोन तुम्ही आजमावले आहेत. पहिल्यात प्रत्येक वाक्य ठाम होते, दुसऱ्यात प्रत्येक वाक्य डळमळीत. वरवर ते विरुद्ध वाटतात, पण दोन्हींत उणीव एकच होती, की तुम्हाला काय ठाऊक आहे आणि काय नाही हे वाचणाऱ्याला वेगळे करता येत नव्हते. सगळ्याच नमुन्यांवर ‘उत्तीर्ण’ शिक्का मारला काय किंवा सगळ्यांवर ‘अनिश्चित’ मारला काय, तो अहवाल तुम्ही तुमच्या विभागात चालू दिला नसता.

तिसरा पर्याय मला शेजाऱ्यांच्या घरी नीट कळला. मी भाषांतराचे काम करते हे माहीत असल्यामुळे एका रात्री शेजारचा मुलगा वडिलांच्या सीटी स्कॅनचा अहवाल घेऊन आला. ‘नो एव्हिडन्स ऑफ’ असे लिहून पुढे एका गंभीर आजाराचे नाव होते. ‘म्हणजे नाहीच ना, मावशी?’ असे तो दोन-दोनदा विचारत होता, आणि ‘नाहीच’ असे म्हणण्याचा मोह मला फार झाला. पण कागदावर लिहिले होते ते ‘या तपासणीत खूण आढळली नाही’ एवढेच. खाली एका गाठीसाठी ‘सजेस्टिव्ह ऑफ’ होते, म्हणजे तसे सुचवते. आणखी एका ठिकाणी ‘कॅनॉट बी रूल्ड आउट’, म्हणजे नाकारता येत नाही. आणि शेवटी ‘क्लिनिकल कोरिलेशन’चा सल्ला, म्हणजे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी रुग्णाला तपासून हे ताडून पाहावे. आम्ही एकेका शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढत वाचले. लिहिणाऱ्या डॉक्टरांनी रुग्णाला बहुधा पाहिलेही नव्हते, फक्त चित्रे पाहिली होती. त्या चित्रांतून जेवढे दिसते तेवढेच त्यांनी लिहिले, आणि कुठे थांबायचे तेही लिहिले. तो मुलगा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेला तेव्हा त्याच्याजवळ विचारायला नेमके तीन प्रश्न होते. त्या अहवालाला कुणी कच्चा म्हणणार नाही.

आपल्या न्यायालयांतही हीच शिस्त आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार (आदेश ६, नियम १५) दाव्याखाली सत्यापन करणाऱ्याने, म्हणजे मजकूर खरा असल्याचे सही करून सांगणाऱ्याने, कोणते परिच्छेद स्वतःच्या माहितीवरून आणि कोणते इतरांकडून मिळालेल्या व खऱ्या मानलेल्या माहितीवरून लिहिले आहेत, ते क्रमांकानिशी सांगावे लागते. तहसील कार्यालयात किंवा कोर्टात ज्यांनी कधी प्रतिज्ञापत्र केले आहे, त्यांना ‘माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरे आहे’ हे शब्द ओळखीचे वाटतील. त्यातली ‘माहिती’ आणि ‘समजूत’ ही द्विरुक्ती नव्हे. १९५२ मध्ये मुंबई राज्य पक्षकार असलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एका शासकीय प्रतिज्ञापत्राच्या ढिसाळ सत्यापनावर बोट ठेवले आणि माहिती दुसऱ्याकडून आली असेल तर तिचा उगम सांगितला पाहिजे, असे बजावले होते.

तुम्हीही पत्र पाठवण्याआधी प्रत्येक विधानाशी क्षणभर थांबून ‘हे मला कसे कळले?’ असे विचारा, आणि तो उगम वाक्यात लिहा. स्वतः पाहिले असेल तर ‘शुअर’, ‘डेफिनेटली’ यांपैकी काहीही न लावता साधे विधान करा: ‘द बॅच पास्ड ऑन ट्यूसडे.’ कुणी सांगितले असेल तर त्याचा आणि वेळेचा उल्लेख करा: ‘द कुरिअर टोल्ड अस धिस मॉर्निंग दॅट…’. अंदाज असेल तर तो कशावरून केला ते एका अर्ध्या वाक्यात द्या. आणि ठाऊक नसेल तर ‘आय डोन्ट नो येट’ असे लिहून लगेच पुढे, केव्हापर्यंत कळवाल ती वेळ द्या. यातले ‘येट’ आणि वेळ ही दोन्ही सोडू नका. तेवढ्याने ‘माहीत नाही’ या कबुलीचे जबाबदारीत रूपांतर होते. सुरुवातीला पत्र मनात मराठीत लिहून पाहिलेत तरी चालेल, कारण ‘दिसतोय’, ‘म्हणे’ आणि ‘असेल’ कुठे येतात हे तुमच्या कानाला बरोबर कळते.

राहिला तो ‘ठामपणा कमी’ हा शेरा. वर्गातल्या शिक्षकांचे म्हणणे अर्धे बरोबर होते, हे मला मान्य केले पाहिजे. मुलाखतीत किंवा बैठकीत दर वाक्याला ‘आय थिंक’ आले तर ऐकणाऱ्याचा धीर सुटतो. पण ठामपणाची जागा माहितीत नसते, ती निर्णयात असते. एखाद्या बॅचमध्ये दोष आहे की नाही हे तुम्हाला अजून ठाऊक नसेल, तरीही ती रोखून ठेवावी हे तुम्ही निःसंदिग्धपणे म्हणू शकता: ‘वुई डोन्ट नो द कॉज येट. आय रेकमेंड वुई होल्ड द बॅच.’ पहिल्या वाक्यात अज्ञान कबूल आहे आणि दुसऱ्यात तसूभरही माघार नाही. गुणवत्ता विभागात काम करणाऱ्या माणसाकडून याहून अधिक ठामपणा कुणी मागू नये. ‘आय थिंक’ही पूर्ण टाकू नका. ते मतासाठी राखून ठेवा आणि वस्तुस्थितीसाठी वापरू नका.

साहेबांशी एकदा बोलणे मात्र आवश्यक आहे, कारण त्यांच्या दोन शेऱ्यांच्या मध्ये तुम्ही एकट्याच चाचपडत राहिलात. ते मराठी असतील तर मराठीतच बोला, शक्यतो मूल्यमापनाच्या दिवसांखेरीज, आणि तक्रारीच्या सुराशिवाय: ‘सर, नमुन्यांच्या वेळी मी न तपासता खात्री लिहिली, ती चूक होती. त्यानंतर भीतीने सगळेच मोघम लिहू लागले. आता मी प्रत्येक पत्रात काय तपासले आहे आणि काय बाकी आहे, हे वेगळे लिहिणार आहे. महिनाभराने ते बरे झाले का, तेवढे पाहाल का?’ सगळ्यांसमोर जे बोलले गेले त्याचे तुम्हाला वाईट वाटले, हेही सांगावेसे वाटले तर सांगा; त्यात कमीपणा नाही.

आणि ते मूळ वाक्य. पुढच्या वेळी कुरिअरच्या संकेतस्थळावर नोंद पाहा आणि नंतर लिहा: ‘द सॅम्पल्स लेफ्ट पुणे ऑन मंडे. द ट्रॅकिंग पेज शोज देम अ‍ॅट कस्टम्स सिन्स वेन्सडे. दे शुड रीच यू धिस वीक, बट प्लीज डू नॉट फिक्स द टेस्ट डेट अंटिल आय कन्फर्म. आय विल चेक अगेन टुमॉरो अ‍ॅट टेन.’ यात ‘शुअर’ कुठेही नाही. दहा वाजताचा गजर तेवढा मोबाइलमध्ये आधी लावून ठेवा.